जिनेव्हाचा कागद आणि कोतवाल बुक

फौजेत माणसाचं नाव तिसरं येतं. आधी नंबर, मग रँक, मग नाव. मी रेकॉर्ड ऑफिसात क्लार्क म्हणून नोकरी केली, हवालदार म्हणून बाहेर पडलो आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात कल्याण संघटक झालो. ही सवय तोवर अंगात मुरली होती. समोर कुणी येऊन बसलं की ‘काय काम काढलंत’च्या आधी तोंडातून ‘नंबर सांगा’ निघतं. पेन्शनरांना तो पाठ असतो. त्यांच्या बायकांना त्याहून पाठ असतो.

विट्याकडून आलेल्या त्या काकांना तो माहीत नव्हता. कोरोनाच्या आदल्या वर्षीची गोष्ट. काका सत्तरीला टेकलेले, उमेदीची सगळी वर्षं मदुराईत गलाईचं दुकान चालवून गावी परतलेले. खानापूर तालुक्यातली निम्मी घरं अशीच. सोनं-चांदी गाळायला देशभर पांगलेली. त्यांचे वडील दुसऱ्या महायुद्धात होते. लढाई संपल्यावर घरी आले, शेती केली, 1986 साली वारले. आई हयात. महायुद्धात लढलेल्या पण पेन्शन न बसलेल्या सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना राज्य सरकार दरमहा मानधन देतं, हे त्यांना कुणीतरी एसटीत सांगितलं होतं. डिस्चार्ज बुक, म्हणजे फौजेतून सुटताना मिळालेलं पुस्तक? ते एकानं ‘काम करून देतो’ म्हणून नेलं होतं, तो माणूस पुन्हा दिसला नाही. असले भुरटे एजंट आमच्या धंद्याला लागलेली कीड आहे. अडाणी बाईच्या घरातून अस्सल कागद नेतात आणि झेरॉक्ससुद्धा मागं ठेवत नाहीत.

“गावात सांगत्यात, सुभाषबाबूंच्या फौजेत हुते,” काका म्हणाले आणि खिशातून रुमाल काढून टेबलावर सोडला. आत दोन पितळी रंगाचे तारे आणि एक गोल मेडल.

“हे बरं राहिलं घरात?”

“चांदी न्हाय त्यात. असती तर मीच आटवलं असतं, साहेब.”

माणूस धंद्याशी प्रामाणिक होता. त्यांचं खरंही होतं. पहिल्या महायुद्धाचं मेडल चांदीचं होतं, म्हणून ते घराघरांतून सोनाराकडे गेलं. दुसऱ्या महायुद्धाचं आपल्याकडं आलेलं मेडल तांबं-निकेलचं, म्हणून टिकलं. एका ताऱ्यावर इंग्रजीत कोरलेलं होतं: आफ्रिका स्टार. हा तारा बर्मात लढलेल्याला मिळत नाही. 1940 ते 43 या काळात इजिप्त, लिबिया, एरिट्रिया अशा भागांत जो होता, त्याचा हा. म्हणजे सिंगापूर, रंगून आणि तिथली आझाद हिंद सेना हा रस्ता बंद झाला. काकांचा चेहरा उतरला. त्यांना पैशाइतकंच तेही हवं होतं, हे मला तेव्हा कळलं.

त्यामागचं कारण त्या मुलखात आहे. 1942 नंतर खानापूर, तासगाव, वाळवा या पट्ट्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार होतं. जून 1943 मध्ये त्याच्या तुफान सेनेनं शेणोलीजवळ पगाराचा पैसा नेणारी रेल्वे लुटली, ती इथून हाकेच्या अंतरावर. पुढं 1972 साली स्वातंत्र्यसैनिकांना ताम्रपट मिळाले, पेन्शन सुरू झाली, गावात सत्कार झाले. अशा गावात इंग्रजांच्या पलटणीतून परत आलेला माणूस काय सांगणार? काकांचे वडील गप्प राहिले. ती गप्प जागा गावानं आपल्या सोयीनं भरली आणि सुभाषबाबूंना त्यांच्या घरी आणून बसवलं. लढाईत हिंदुस्थानची फौज पंचवीस लाखांपर्यंत गेली होती. त्यातल्या कितीजणांनी गावी येऊन असं तोंड मिटलं असेल.

मराठा माणूस, सातारा जिल्हा, आफ्रिका. पलटण ओळखायला एवढं बरंच झालं. बहुधा तेव्हाची फिफ्थ मराठा लाइट इन्फंट्री. बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र धाडलं. जिल्हा मुद्दाम ‘सातारा’ लिहिला. आज हा तालुका सांगलीत आहे, पण 1949 पर्यंत तो साताऱ्यातच होता. मग दक्षिण सातारा झाला आणि 1960 ला त्याचं नाव सांगली पडलं. लढाईच्या कागदावर सांगली जिल्हा शोधणाऱ्याला तो सापडणारच नाही. उत्तर अपेक्षेप्रमाणं आलं: नंबराशिवाय शोध लागत नाही. या उत्तराला मी कधी नावं ठेवत नाही, कारण अशी पत्रं मीही टाइप केली आहेत. जाधव, शिंदे, मोरे, पवार. बापाचं नाव तेच, गावाचं नाव तेच, आणि इंग्रज अंमलातल्या क्लार्कनं प्रत्येकाचं स्पेलिंग वेगळं केलेलं.

लोकांना वाटतं, फौजेत कागद जन्मभर सांभाळतात. पेन्शनरचे सांभाळतात. बिगरपेन्शनवाल्याचा शीट रोल, म्हणजे त्याची सगळी कुंडली, डिस्चार्जनंतर 25 वर्षांनी नियमानं नष्ट होतो. 1946 ला सुटलेल्याचा 1971 च्या आसपास गेला. राहतो तो लाँग रोल: मोठ्या रजिस्टरातली एक आडवी ओळ. नंबर, नाव, बापाचं नाव, गाव, भरती कधी, सुटला कधी. पण त्या ओळीपर्यंत जायचं तर नंबरच लागतो. काहीजण म्हणतात, इंग्रज सगळं विलायतेला घेऊन गेले. साहेब लोकांचे कागद गेले, ते लंडनला आहेत. शिपायाचे इथंच राहिले आणि इथंच संपले.

मी काकांना सांगितलं, घरातला प्रत्येक कागद आणा. सातबारा, पावत्या, पत्रिका, पोथ्या. पोथ्यांवर मी नेहमी जोर देतो, कारण आपल्याकडं महत्त्वाचा कागद कपाटात कमी आणि देवघरात जास्त सापडतो.

पुढच्या खेपेला त्यांनी पोथीच आणली. तिच्या पानांत खूण म्हणून घातलेलं एक कार्ड होतं, कडा कुरतडलेल्या. वर जर्मन छपाई: क्रीग्सगेफांगेनेनपोस्ट. युद्धकैद्याची डाक. मागं पेन्सिलीनं बाळबोधात चार ओळी, थोरल्या भावाला: मी खुशाल आहे, काळजी नसावी, बैलांची निगा ठेवावी. पाठवणाऱ्याच्या जागी इंग्रजीत नाव, छावणीचं नाव आणि कैदी क्रमांक. फौजेचा नंबर नव्हता, पण नंबर होता!

काकांनी ते कार्ड लहानपणापासून पाहिलं होतं. त्यांना वाटायचं, पोस्टाची जुनी जाहिरात असेल.

1929 च्या जिनेव्हा करारानं पकडलेल्या शिपायाची माहिती रेड क्रॉसमार्फत कळवणं बंधनकारक होतं. त्या नोंदी जिनेव्हाला आजही आहेत. वारसाला अर्ज करता येतो, मात्र तो ठरावीक दिवशीच उघडतो आणि कोटा भरला की बंद होतो, आपल्याकडच्या तत्काळ तिकिटासारखा. काकांचा नातू पुण्यात कॉम्प्युटरवाला होता, त्यानं ते जमवलं. मजकूर मी सांगितला. मग महिने गेले. त्यात आमच्या वरच्यांपैकी एकानं ‘दुसरी कामं नाहीत का’ असंही विचारून घेतलं.

उत्तर आलं त्या दिवशी काका प्रिंट घेऊन सकाळीच दारात उभे. कागद एकच, पण बापाची दोन वर्षं त्यावर ओळीनं होती. फौजेचा नंबर. शिपाई. सेकंड बटालियन, म्हणजे आमची ‘काळी पाचवी’. 21 जून 1942, टोब्रुक: कैद. त्या दिवशी लिबियातलं ते बंदर जर्मन सेनापती रोमेलच्या हाती पडलं आणि तीस हजारांवर माणसं एका झटक्यात कैदी झाली. त्यांत अकराव्या हिंदी ब्रिगेडबरोबर ही मराठा बटालियन होती. मग इटलीत आवेत्सानो, छावणी क्रमांक 91, हिंदी शिपायांसाठीची. सप्टेंबर 1943 मध्ये इटलीनं शरणागती पत्करली आणि बरेच कैदी जर्मनांच्या ताब्यात गेले. त्यानंतरची नोंद फ्रान्समधल्या एपिनालची. शेवटची, मे 1944: स्वित्झर्लंडमध्ये दाखल.

मी खुर्चीतून उठलोच. एपिनालच्या छावणीवर 11 मे 1944 रोजी अमेरिकन विमानांनी बॉम्ब टाकले होते. छावणीत तीन हजारांवर हिंदी कैदी होते. कित्येक मेले, भिंती पडल्या, आणि उरलेले आग्नेयेकडं पळत सुटले. त्यांतले पाचशेच्या आसपास चालत स्विस हद्दीत पोचले. दुसऱ्या महायुद्धातली कैद्यांची एवढी मोठी यशस्वी पळापळ क्वचितच झाली असेल. त्यातला एक माणूस विट्याच्या बाजारात शेंगा विकून गेला आणि कुणाला पत्ता नाही.

“म्हंजे वडील पळाले?” काकांनी विचारलं.

“पळाले नाहीत, निसटले. फौजेत त्याला मान आहे.”

“आन् सुभाषबाबू?”

सुभाषबाबूंनी जर्मनीतही हिंदी कैद्यांतून फौज उभी केली होती. हे त्यात गेले असते तर त्या मे महिन्यात एपिनालला कैदी नसते. का गेले नाहीत, हे कागद सांगत नाही, आणि मी माझ्या मनचं सांगणार नव्हतो. काका बराच वेळ कागदावर बोट फिरवत राहिले आणि एका जागी थांबले. जवळच्या नातलगाचं नाव. पत्नी. नाव दुसऱ्याच बाईचं.

“साहेब, ह्यो माणूस आमचा न्हाय.”

गाव तेच, बापाचं नाव तेच, कार्डावरचा कैदी क्रमांक तोच. बायको तेवढी वेगळी. मला वाटलं, चुलती वगैरे असेल, घाईत पत्नी लिहिलं असेल. काका मात्र एकाएकी ताठ झाले. आईला हे विचारायचं कसं, म्हणून प्रिंटची घडी करून निघून गेले. आता परत येत नाहीत, असं मी धरूनच चाललो होतो.

चार-पाच दिवसांत आले, आईला घेऊनच. नव्वदीच्या जवळपासची म्हातारी, काठी टेकत पण सरळ. खुर्चीवर बसेपर्यंतही थांबली नाही. “त्यात काय इचारायचं? ती माझी थोरली. हे लढाईवर असताना गेली. मला लग्नाआधीच सांगितलं हुतं.” आणि मग लेकाकडं वळून, “दरसाल अविधवा नवमीला सवाष्ण जेवू घालतो आपण, ती कुणासाठी रं?”

काकांना वाटायचं, त्यांच्या आजीसाठी. अविधवा नवमी नवऱ्याआधी गेलेल्या बाईची. ती आजी तर आजोबांच्या मागं दहा वर्षं जगली होती. सत्तर वर्षांच्या माणसानं हा हिशेब कधी केला नव्हता. “नवरा गेल्यावर लोकं बंद करत्यात,” काकांच्या आई, म्हणजे माझ्या समोरच्या आजी, म्हणाल्या, “मी न्हाय केली. सुनंच्या हातनं घालते.”

घरचा गुंता तिथंच सुटला, पण माझा वाढला. बेळगावला नंबर कळवल्यावर लाँग रोलची ओळ निघाली: भरती 1940, डिस्चार्ज 1946. सैनिक सिद्ध झाला. आता विधवा सिद्ध करायची. ज्या कागदावर सगळं प्रकरण उभं, त्याच कागदावर पत्नी म्हणून दुसरी बाई, आणि लग्न 1948 चं. द्विभार्याप्रतिबंधक कायदा मुंबई प्रांतात 1946 लाच आला होता. पहिली हयात असताना दुसरी केली, असं कुणी म्हटलं तर आजींचं लग्नच बेकायदा ठरतं. वरून शेरा यायच्या आत उत्तर तयार ठेवायला हवं होतं.

मग जिनेव्हावरून थेट तहसीलच्या अभिलेख कक्षात. जन्ममृत्यूची जुनी नोंद, गाव नमुना 14, ज्याला सगळे कोतवाल बुक म्हणतात. तिथला कारकून सज्जन निघाला, त्यानं आम्हाला चहा पाजून रजिस्टर काढून दिलं. पानं हातात तुटत होती. काही नोंदी बाळबोध, काही मोडी. मोडीसाठी गावातल्याच एका निवृत्त मास्तरांना नेलं होतं. 1942 चाळून झालं, 43 च्या जुलैत त्यांचं बोट थांबलं. नाव, नवऱ्याचं नाव, वय अंदाजे वीस, कारण ताप.

मी सवयीनं दोन्ही कागद शेजारी ठेवून तारखा जुळवल्या. एपिनालच्या नोंदीवरची तारीख फेब्रुवारी 1944 ची होती. बायको जाऊन सात महिने झाले होते, आणि हा तिकडं बर्फात बसून ‘कुणाला कळवायचं’ या रकान्यात तिचंच नाव सांगत होता. बैलांची निगा ठेवा म्हणून लिहिलेलं कार्डही त्याच सुमाराचं. घरून गेलेलं पत्र त्याला कधी मिळालं, मिळालं का, कोण सांगणार. मास्तरांनी चष्मा पुसला. काकांनी तहसीलदारांच्या नावचा नकलेचा अर्ज माझ्याकडून लिहून घेतला आणि फी भरायला रांगेत जाऊन उभे राहिले.

प्रस्ताव गेला, एकदा किरकोळ शेऱ्यासह परत आला, पुन्हा गेला. लाँग रोलचा उतारा, जिनेव्हाचा कागद, मृत्यूची नक्कल, ग्रामपंचायतीचा दाखला, दोन साक्षीदार. मंजुरी आली तेव्हा टाळेबंदी सुरू होती, त्यामुळं आजींचा अंगठा घ्यायला मीच गावी गेलो. अर्जात पत्नीच्या नावाला एकच रकाना. आजींनी वाचायला लावलं, ऐकलं आणि विचारलं, “थोरलीचं कुठं लिवलंय?” मी म्हटलं, सोबतच्या कागदात आहे. त्यावर अंगठा दिला.

निघताना काका गाडीपर्यंत आले. जिनेव्हाच्या कागदाच्या दोन रंगीत प्रती हव्या होत्या. एक घरी लावायला आणि एक थोरलीच्या माहेरी द्यायला, तिचे भाचे पलीकडच्याच गावात असतात. आमच्या ऑफिसचं मशीन काळं-पांढरं. मी त्यांना एसटी स्टँडसमोरचं दुकान सांगितलं, आणि लॅमिनेशन करू नका, पुढं कुठं शिक्का लागला तर पंचाईत होईल, एवढं बजावलं.