बिशप चितंबर आणि आमची मिशन शाळा

बिशप जशवंतराव चितंबर हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते आपल्या शाळेत, इतिहासाच्या बाईंकडून. मेथॉडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाच्या मिशनची शाळा असल्यामुळे बटलर, टेलर, थोबर्न या मिशनऱ्यांची नावं रोजची होती. त्यांच्यात आपल्या माणसाचं नाव निघालं, तेव्हा आम्ही बोर्डिंगची मुलं कान टवकारून बसलो.

चितंबरांचं घराणं मूळचं मराठी ब्राह्मण. जन्म १८७९चा, अलाहाबादचा. शिक्षण लखनौला आणि बरेलीच्या सेमिनरीत, म्हणजे धर्मशिक्षणाच्या संस्थेत. १९२२मध्ये ते लखनौ ख्रिश्चन कॉलेजचे प्राचार्य झाले. त्या पदावर आलेले ते पहिले भारतीय.

पण बाई रंगून सांगायच्या ती १९३०ची गोष्ट. आपल्या मेथॉडिस्ट चर्चमध्ये बिशप कोणी वरून नेमत नाही, मतदानाने निवडतात. मात्र हे मतदान तोवर अमेरिकेतल्या जनरल कॉन्फरन्समध्ये, म्हणजे चर्चच्या सर्वोच्च सभेत होई. १९२८ साली तो अधिकार इथल्या सेंट्रल कॉन्फरन्सला, म्हणजे चर्चच्या इथल्या प्रादेशिक सभेला मिळाला आणि १९३०च्या डिसेंबरअखेर कानपूरच्या बैठकीत चितंबर निवडून आले. मेथॉडिस्ट एपिस्कोपल चर्चचे (आपल्या मिशनच्या मूळ अमेरिकन चर्चचे) पहिले भारतीय बिशप! मिठाचा सत्याग्रह त्याच वर्षीचा, हे बाई आवर्जून सांगत.

त्यांचं एक काम मला फार मोलाचं वाटतं. परदेशी मिशनऱ्यांना राजकारणापासून दूर राहण्याची हमी सरकारला द्यावी लागे, त्या काळात या बिशपांनी गांधीजींचं इंग्रजी चरित्र लिहिलं. १९३३मध्ये ते अमेरिकेत छापून आलं. मिशनला दानार्पण पाठवणाऱ्या तिथल्या माणसांना हिंदुस्थानातल्या एका ख्रिस्ती पुढाऱ्याने गांधी समजावून सांगावेत, याला धैर्य लागतं. आपण ख्रिस्ती म्हणजे परके, असं गावात कुणी बोललं की मला हेच आठवे आणि बळ येई.

१९४० साली ते वारले. भारतातली मेथॉडिस्ट चर्च अमेरिकेतल्या चर्चपासून स्वायत्त झाली ती १९८१मध्ये, म्हणजे त्यांच्या निवडीनंतर पन्नास वर्षांनी.

आपल्या शाळेच्या सभागृहात मिशनऱ्यांच्या तसबिरी आहेत आणि त्या असाव्यातच, त्यांचे उपकार मोठे आहेत. त्यांच्या रांगेत बिशप चितंबरांचीही तसबीर शाळेच्या याच महोत्सवात लागावी, अशी माझी शाळेच्या व्यवस्थापनाला मनापासून विनंती आहे. तिचा खर्च आमच्या तुकडीने उचलायचं ठरवलं आहे.