वाचक दारव्ह्याचा, अहवालात मुंबई

आमच्या शेतकरी गटाची वेबसाइट यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा, दिग्रस, नेर या तालुक्यांसाठी. तरीही साइटवर कोण कुठून येतं ते मोजणाऱ्या गूगल अ‍ॅनालिटिक्सच्या शहरांच्या यादीत वर मुंबई, पुणे, नागपूर. दारव्हा शोधूनही सापडेना. कोणत्या कृषी केंद्रात पोस्टर लावायचं ते याच यादीवरून ठरणार होतं, म्हणून आधी यादीच तपासायला घेतली.

दारव्ह्यातल्या एकाला मोबाइल डेटावर साइट उघडायला लावली आणि रिअलटाइम अहवाल बघत बसलो. ठिपका उमटला मुंबईवर. अ‍ॅनालिटिक्स शहर आयपीवरून (इंटरनेटवरच्या पत्त्यावरून) ठरवतं, पण तो साठवून ठेवत नाही, त्यामुळे त्या मिनिटाचा आयपी सर्व्हरच्या अ‍ॅक्सेस लॉगमधून (भेटींच्या नोंदवहीतून) काढला. साइट क्लाउडफ्लेअर या मध्यस्थ सेवेमागे असेल तर लॉगमध्ये त्यांचाच पत्ता येतो. खरा पत्ता सीएफ-कनेक्टिंग-आयपी या हेडरमध्ये (विनंतीसोबत येणाऱ्या माहितीच्या ओळीत) असतो, तो लॉगमध्ये उतरेल अशी सेटिंग आधी करून ठेवा. मग तो आयपी पत्त्यावरून ठिकाण सांगणाऱ्या मॅक्समाइंड कंपनीच्या डेमो पानावर टाकला. तिथे शहरासोबत अचूकतेची त्रिज्या किलोमीटरमध्ये देतात. ती शंभराच्या पुढे असेल तर शहराचं नाव सोडून द्यावं.

मुंबई दिसण्याचं कारण असं. मोबाइल कंपन्या सीजीनॅट वापरतात, म्हणजे एका सार्वजनिक पत्त्याआड कितीतरी ग्राहक. टॉवर गावातला असला तरी बाहेर दिसतो कंपनीच्या गेटवेचा (इंटरनेटकडे जाणाऱ्या दाराचा) पत्ता, आणि गेटवे असतो मोठ्या शहरात. आयपीव्ही६ या नव्या पत्तापद्धतीत फोनला स्वतंत्र पत्ता मिळतो खरा, पण तो पत्त्यांचा पट्टा ज्या शहरावर नोंदलेला तेच शहर अहवालात येतं. देश बहुतेक बरोबर येतो, राज्याचा भरवसा कमी, तालुक्याचा तर नाहीच. अमेरिकेतलं अ‍ॅशबर्न दिसलं तर तो बहुधा डेटा सेंटरमधला बॉट, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्राम. वाचकांत धरू नका.

ब्राउझरला थेट लोकेशन मागता येतं, पण परवानगीची खिडकी आली की लोक सरळ नकार देतात.

शेवटी तालुका विचारूनच घेतला. चौकशीच्या फॉर्ममध्ये तालुक्याची यादी टाकली, निवडलेला तालुका इव्हेंटसोबत (फॉर्म भरल्याच्या नोंदीसोबत) अ‍ॅनालिटिक्सला पाठवला आणि त्याचं कस्टम डायमेन्शन, म्हणजे अहवालातला आपला स्वतःचा रकाना, नोंदवलं. आकडे दिसायला २४ ते ४८ तास लागतात. नोंदणीच्या आधीचे मिळत नाहीत. प्रत्येक केंद्राच्या पोस्टरवर यूटीएम (वाचक कुठून आला ते सांगणारी लिंकमधली खूण) जोडलेला वेगळा क्यूआर कोड छापला. यूटीएममधलं तालुक्याचं इंग्रजी स्पेलिंग सगळीकडे लहान अक्षरांतच ठेवा, नाहीतर एकाच दिग्रसच्या अहवालात दोन ओळी पडतात. व्हॉट्सअ‍ॅपवर दिग्रसची लिंक नेरला फॉरवर्ड झाली तर ती दिग्रसमध्येच मोजली जाते, तेवढी गफलत धरून चालावं लागतं.