कानाने शिकलेली लॅटिन

दहावीची परीक्षा संपली तेव्हा नागपूरचं ऊन पेटलेलं होतं. दुपारी बारा ते पाच बाहेर पाय ठेवायचा नाही, हा आमच्या घरचा नियम. कूलरसमोर गादी टाकून मोबाइल बघत पडले होते आणि लॅटिन बोलणाऱ्या एका बाईंचा व्हिडिओ समोर आला. एकेक वस्तू उचलून त्या मोजत होत्या: दुओ, त्रेस... सेप्तेम... नोवेम, देकेम. भाषांतर काही नव्हतं आणि मला ते लागलंही नाही. सप्त, नव, दश शाळेच्या संस्कृतात पाठ होते. मी उठून बसले. त्या दुपारी सुरू झालं ते आज तिसऱ्या वर्षीही चालू आहे.

शिकवणी नव्हती. रोजचा दीड जीबी डेटा, इअरफोन आणि दोनशे पानी वही एवढंच भांडवल. पहिला महिना उच्चारांच्या गोंधळातच गेला. रोमन वक्ता सिसेरो एका व्हिडिओत 'चिचेरो', दुसऱ्यात 'किकेरो'. कुठे आकाशाला 'चेलुम', कुठे 'काएलुम'. मी दोन्ही पाठ करत होते आणि दोन्ही विसरत होते. चर्चमध्ये चालतो तो उच्चार वेगळा, आणि प्राचीन रोममधला म्हणून अभ्यासकांनी पुन्हा उभा केलेला वेगळा, हे बऱ्याच उशिरा कळलं. मी दुसरा धरला आणि तो सोडला नाही. नव्याने शिकणाऱ्याला मी हेच आधी सांगेन: पहिल्याच आठवड्यात एक उच्चार निवडा.

तो निवडल्यावर माझ्या लक्षात आलं की मराठी जिभेला हे फार सोपं आहे. त्यातला 'त' आपल्या ताकातला त, टाकीतला ट नव्हे. ग्रीकमधून आलेल्या शब्दांत फळातला फ आणि खडूतला ख लागतो. इंग्रजी बोलणारे शिक्षक तो फ समजावायला तोंडासमोर कागद धरून हवा दाखवत होते. मी नुसतं 'फळ' म्हटलं. 'अन्नुस' म्हणजे वर्ष आणि 'अनुस' म्हणजे म्हातारी. अन्न म्हणणाऱ्याला हा फरक वेगळा शिकावा लागत नाही.

व्याकरणाचंही तेच. टेबलाला स्त्रीलिंग का, यावर एका व्हिडिओत पाच मिनिटं गेली. आपल्या ताटातच भाकरी ती, भात तो आणि वरण ते असतं. चांगला, चांगली, चांगलं. तसंच बोनुस, बोना, बोनुम. क्रियापद बहुधा शेवटी, आणि 'मी' न म्हणता नुसतं 'आले' म्हणून चालतं. अडले ते अ‍ॅब्लेटिव्ह नावाच्या विभक्तीपाशी. तलवारीने, शहरातून, शहरात... आपले ने, ऊन आणि त तिथे एकाच रूपात येऊन बसलेत. वहीच्या पानावर तीन रकाने आखून प्रत्येक वाक्य मराठीत लावून बघितलं, तेव्हा ते डोक्यात बसलं.

मुख्य आधार होता हान्स एर्बर्ग या डॅनिश शिक्षकाच्या पुस्तकाचा. त्याच्या पहिल्या भागात 35 धडे आहेत. सगळे लॅटिनमध्येच, अर्थ समासातल्या चित्रांवरून लावायचा. धड्यांचं वाचन त्यांच्या स्वतःच्या आवाजात आहे. कूलरच्या घरघरीत दीर्घ स्वर ऐकू येईनात, म्हणून मी रात्री गच्चीवर झोपायला गेल्यावर ऐकायची. एकच धडा चार-चार रात्री.

इथे माझी एक चूक झाली. तीन महिने मी फक्त ऐकलं. सगळं समजतंय असं वाटत होतं आणि मी खूश होते. मग एकदा 'मुलगी आईला फूल देते' हे साधं वाक्य लिहायला घेतलं, आणि आईपुढे कोणता प्रत्यय येतो ते आठवेना. वही मिटून मी रडले, खोटं कशाला सांगू. दुसऱ्या दिवसापासून श्रुतलेखन सुरू केलं. एक वाक्य ऐकायचं, थांबवायचं, देवनागरीत लिहायचं, मग रोमन लिपीत. देवनागरीने ऱ्हस्व-दीर्घ पक्कं झालं: 'मलुम' म्हणजे वाईट, 'मालुम' म्हणजे सफरचंद. रोमन लिपीत बहुतेक ठिकाणी दोन्ही सारखेच छापलेले असतात.

अकरावीला जीवशास्त्र घेतलं आणि शब्द घरात शिरले. आपल्या संत्र्याचं शास्त्रीय नाव सिट्रस रेटिक्युलाटा. रेटिकुलुम म्हणजे लहानशी जाळी. मृग बहाराचं संत्रं सोलताना फोडींवर पांढऱ्या शिरांचं जाळं दिसतं ना, ते मी त्या दिवसापर्यंत नुसतं काढून टाकत आले होते. सेमिनरी हिल्सला लहानपणापासून जातेय. तिथल्या सेंट चार्ल्स सेमिनरीवरून टेकडीला ते नाव पडलं. सेमिनारियुम म्हणजे मुळात रोपवाटिका, बी पेरून रोपं वाढवायची जागा.

पण खरी गंमत आली कवितेत. इसवी सनापूर्वी 19 साली वारलेल्या व्हर्जिलच्या महाकाव्याची पहिली ओळ मी ऐकून ऐकून म्हणत होते: अर्म विरुम्क्वे कनो... आजोबा शेजारी पेपर वाचत होते. ते मराठीचे निवृत्त शिक्षक.

"काय पुटपुटून राहिली गं?"

"आजोबा, लॅटिन कविता आहे."

"परत म्हण. हळू म्हण."

मी म्हटली. त्यांनी गुडघ्यावर बोटांनी ठेका धरला. पेपर खाली गेला. "अर् गुरु. म लघु, वि लघु. हा भ गण झाला, भास्कर. पुढं? रुम् गुरु, क्वे गुरु... नाही, इथं बिघडलं."

बिघडलं नव्हतं. मराठीत ए नेहमी गुरु. लॅटिनमध्ये ऱ्हस्व ए आणि ऱ्हस्व ओसुद्धा असतात. हे सांगितल्यावर ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले, मग पेन मागितलं. क्वेवर चंद्रकोरीसारखी लघूची खूण केली. "म्हणजे परत भ गण. बरोबर आहे. पुढं?" नो त्रोय, गुरु-गुरु. ओळीत सहा गण. पहिल्या चारांत भ गण किंवा दोन गुरु, पाचवा बहुतेक वेळा भ गणच, आणि शेवटी दोन अक्षरं. जोडाक्षराआधीचं अक्षर गुरु होतं हा नियम त्यांनी मला पाचवीत शिकवला होता, तोच इथे जवळजवळ जसाच्या तसा चालत होता. अर्म मधला अ ऱ्हस्व, तरी अर् गुरु, तो त्यामुळेच. व्हिडिओत जे दोन तास बघून मला अर्धवट कळलं होतं ते आजोबांच्या बोटांनी दहा मिनिटांत कळलं.

त्यांना लॅटिनचा एक शब्द येत नाही, ते अर्थ मला विचारतात. बारावीच्या वर्षी सगळं मागे पडलं. परीक्षा झाल्यावर त्यांनीच वही काढून ठेवली होती. आता जेवणं झाल्यावर मी मोबाइलवर ओळ लावते, आम्ही दोघं ऐकतो, मी देवनागरीत लिहिते आणि ते वर खुणा करतात. काल चौसष्टाव्या ओळीशी थांबलो. पासष्टावी त्यांनी पेन्सिलीने आधीच लावून ठेवली आहे, एका अक्षरावर प्रश्नचिन्ह करून.