चौदा ट्रॉल्या माती

सप्टेंबर 2025 चा पाऊस आठवला की अजून पोटात गोळा येतो. आमचं रान भूम तालुक्यात, बालाघाटाच्या उतारावर, वर हलकं माळरान आणि खाली ओढ्याकाठी काळी. पाऊस उघडल्यावर अण्णा आणि मी वरच्या तुकड्यात गेलो तर सोयाबीन सोडा, माती पण नव्हती, नुसता मुरूम, पाय ठेवला की करकर वाजायचा. खरडून गेलेल्या जमिनीला सरकारनं हेक्टरी 47 हजार जाहीर केले, ठीक आहे, पण माती कुठून आणायची?

आणि खरं सांगू का, चूक आमचीच होती. तुकड्याच्या मधोमध आडवा बांध होता, 72 च्या दुष्काळातला, आजी स्वतः त्या कामावर पाट्या वाहायला होती, मजुरी आणि वर खायला सुकडी. दोन वर्षांमागं ट्रॅक्टर वळायला अडचण होते, शिवाय दोन-चार तासं (पेरणीच्या ओळी) जास्तीची निघतील म्हणून आम्हीच जेसीबी लावून तो सपाट केला. अर्ध्या दिवसात. पलीकडं चुलत्यांनी त्यांचा बांध ठेवलेला (तेव्हा आम्ही हसलो होतो त्यांना), त्यांचं पीक गेलं पण माती बांधाच्या पोटाला साचून राहिली.

मग बसून हिशोब केला. एका एकरावरून एक सेंटिमीटर थर गेला, म्हणजे करंगळीच्या जाडीएवढा, तरी ती माती 40 घनमीटर होते, म्हणजे 14 ब्रास. चौदा ट्रॉल्या! आमची चार बोटं तरी गेलीय, म्हणजे एकरी शंभर ब्रासच्या घरात. आणि ही माती जाते कुठं, तर खालच्या तलावात, तलाव उथळ होतो आणि मग उन्हाळ्यात आपणच डिझेल जाळून तोच गाळ रानात आणून टाकतो. गाळयुक्त शिवार योजना चांगलीच आहे, आम्ही पण गाळ टाकलाय, पण आपलीच माती भाड्यानं परत आणायची म्हणजे जरा गंमतच की.

2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं तेव्हा सगळे पाण्यावर बोलले, मातीचं नाव फारसं कुणी काढलं नाही. जालन्याजवळच्या कडवंचीत मात्र आधी बांधबंदिस्ती आणि चर झाले, शेततळी आणि द्राक्षं नंतर, हा क्रम लोक विसरतात आणि डायरेक्ट शेततळ्याचे फोटो काढून येतात. शाश्वत विकास म्हणून बॅनरवर जे लिहितात ना, ते आमच्या भाषेत एवढंच, की पोराला रान देताना त्यात मुरूम नसावा.

यंदा नळीत पाणी भरून लेव्हल काढली, चुन्याच्या रेघा मारल्या, बांध परत घातला, वर घायपात लावलंय. पेरणी पण उताराला आडवी, बीबीएफवर, म्हणजे रुंद वरंबा आणि दोन्ही बाजूंना सरी. ट्रॅक्टरवाला म्हणला तासं आखूड होतात, वळणं वाढतात, एकरी दोनशे जास्त पडतील. अण्णांनी न बोलता खिशातून काढून दिले.