ओटीपी काकींच्या फोनवर

४ जून २०२४. लोकसभेची मतमोजणी सकाळी आठला सुरू झाली आणि सव्वानऊला बाजार उघडला. फोंड्यातल्या आमच्या शेअर ब्रोकरच्या ऑफिसात त्याआधीच टीव्हीवरून वाद पेटला होता. निम्म्यांना दक्षिण गोव्याचा निकाल बघायचा होता, निम्म्यांना निफ्टी. एक्झिट पोलच्या जोरावर सोमवारी सेन्सेक्स अडीच हजार अंकांनी चढला होता, त्यामुळे मंडळी खुशीतच आलेली. एकाने पेढेसुद्धा आणले होते. दुपारपर्यंत पुडा कोणी उघडला नाही.

मी डीलरच्या खुर्चीवर बसते. ग्राहक सांगेल ती ऑर्डर टाकायची, त्याने सांगितल्याशिवाय एक शेअरही हलवायचा नाही. काय घ्यावं, काय विकावं हे सांगायला सेबीकडे, म्हणजे बाजारावर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेकडे, नोंदणी केलेले सल्लागार वेगळे असतात. कागदावर तरी असंच आहे. फोंड्यात लोक विचारतात ते डीलरलाच.

अकरा वाजले तसा रंग पालटला. भाजपला स्वबळावर बहुमत मिळत नाही हे दिसू लागलं आणि स्क्रीनवर लाल सोडून दुसरा रंग शोधावा लागला. सरकारी बँका, रेल्वे, संरक्षण, वीज, म्हणजे आदल्या वर्षभरात जे जे वेड्यासारखं चढलं होतं, ते ते सगळ्यांत जास्त कोसळत होतं. साबण-बिस्किटं विकणाऱ्या कंपन्या मात्र हिरव्या. हिंदुस्तान युनिलिव्हर तर चक्क वर. दुपारी एका क्षणी सेन्सेक्स सहा हजारांहून जास्त खाली होता. दहा टक्के पडला की बाजार काही काळ बंद करतात. तिथपर्यंत जातोय की काय असं वाटत होतं. गेला नाही.

त्याच सुमारास काका आले. खाणकंपनीच्या हिशेब खात्यात त्यांची अख्खी नोकरी झाली. २०१२ च्या खाणबंदीनंतर कंपनीने जे पैसे हातात ठेवले, ते त्यांनी थोडे बँकेत आणि थोडे शेअरमध्ये घातले. तसे शांत गृहस्थ. त्या दिवशी आल्या आल्या म्हणाले, "बाय, सगळें विकून उडय." एरवी ते माझ्याशी मराठीत बोलतात. कोंकणीत आले म्हणजे प्रकरण गंभीर.

"आधी कुठला विकू काका?" मी विचारलं. असा घायकुतीला आलेला ग्राहक दिसला की मी हेच विचारते. 'सगळे' म्हणायला सोपं असतं, पहिलं नाव घेताना जीभ अडते. त्यांनी यादी उलटीसुलटी केली आणि पहिलं नाव काही निघेना.

शेवटी म्हणाले, वरून सुरू कर. पण त्यांच्या खात्याला डीडीपीआय नव्हतं, म्हणजे शेअर विकताना डिमॅटमधून परस्पर उचलायचा अधिकार ब्रोकरला दिलेला नव्हता. अशा वेळी डिमॅटमधले शेअर सांभाळणाऱ्या सीडीएसएलच्या पानावर टीपिन, म्हणजे गुप्त क्रमांक, टाकावा लागतो आणि मग मोबाइलवर ओटीपी येतो. तो आला काकींच्या फोनवर, बांदोड्याला. खातं उघडताना काकांकडे मोबाइलच नव्हता, नंबर काकींचा दिलेला.

काकांनी फोन लावला. पलीकडून आकडे येईनात, प्रश्न आले. दहा मिनिटांत काकी रिक्षाने स्वतःच हजर झाल्या. ओटीपीची मुदत तोवर संपली होती.

त्यांना बाजारातलं फारसं कळत नाही असं त्या स्वतःच सांगतात. मला ते पटत नाही. खुर्ची ओढून त्यांनी पहिलं विचारलं, "आपल्याला पैसे कशाला आणि कधी लागणार?" मुलगा जुन्या घरावर मजला चढवणार होता. पावसाळ्यात काम निघत नाही, चवथीनंतर सुरुवात, मग स्लॅब. साधारण आठ लाख. बाकी काकांची पेन्शन आणि बँकेतल्या ठेवी यांत दोघांचं भागत होतं.

"मग आठ लाखांसाठी सगळे कशाला विकायचे?"

काका म्हणाले, बाजार आणखी पडेल. काकी म्हणाल्या, पडू दे, आपल्याला उरलेले पाच-सहा वर्षं लागणार नाहीत. मी मध्ये तोंड घातलं नाही. याहून सरळ मांडणी मला करता आली नसती.

मग त्यांचं बोट यादीत वेदांतवर थांबलं. हा का ठेवलाय? काका म्हणाले, "तो आपला. सेसा गोवाचा."

खरी गोष्ट इथे होती. हा शेअर काकांनी खाणबंदीच्या आधीच घेतलेला, तेव्हा तो सेसा गोवाच होता. चीनला खनिज जात होतं, मांडवी-झुवारीत बार्जेसची रांग, डिचोली-साखळीच्या रस्त्यांवर टिपरांची. धंदा त्यांना आतून माहीत होता: टनाला खर्च किती, भाव किती, माल कुठे अडतो. शेअर घेण्यासाठी याहून चांगलं कारण नसतं. पण २००७ मध्ये वेदांत समूहाने सेसा गोवातला जपानी मित्सुईचा हिस्सा घेतला, २०१३ मध्ये समूहाचीच स्टरलाइट त्यात विलीन झाली आणि २०१५ मध्ये नावही वेदांत झालं. एव्हाना ती जस्त, अॅल्युमिनियम, तेल काढणारी कंपनी झाली होती. गोव्यातलं लोहखनिज त्यात चिमूटभर. त्यातही २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं आणि खाणी पुन्हा थंडावल्या. काकांनी घेतलेली कंपनी त्यांच्याकडे राहिलीच नव्हती, शेअर तेवढा राहिला होता. अॅल्युमिनियमचा भाव कशावर ठरतो असं मी विचारलं तर ते हसले.

"पण आजच्या दिवशी? काल भाव बरा होता."

"काल तुम्ही विकणार होतात?" काकी.

कराचाही विषय निघाला. नफ्यावर मोठा कर बसेल या धास्तीने काका तो शेअर वर्षानुवर्षं धरून होते. जुन्या शेअरला ३१ जानेवारी २०१८ चा भाव खरेदीचा धरता येतो, म्हणून करपात्र नफा त्यांना वाटत होता त्याच्या जवळपासही नव्हता. शिवाय गोव्यात पोर्तुगीज नागरी कायद्याखालचं लग्न असलं की पगार सोडून बाकीचं उत्पन्न नवरा-बायकोत अर्धं अर्धं धरलं जातं. आयकर कायद्याच्या ५अ कलमात तशी तरतूद होती. म्हणजे अशा नफ्यावरची तेव्हाची एक लाखाची सूट दोघांना वेगवेगळी. मुंबईच्या हेड ऑफिसला हे दरवेळी नव्याने समजवावं लागतं.

दुसरा ओटीपी आला, काकींनी मोठ्याने वाचला, वेदांतचे सगळे शेअर विकले. स्लॅबचे पैसे सुटले. उरलेल्या यादीला हात लावला नाही. त्या दिवशी सेन्सेक्स ४,३९० अंकांनी पडून ७२,०७९ वर बंद झाला.

शुक्रवारी, ७ तारखेला, तो ७६,६९३ वर होता, पडण्याआधीच्या पातळीच्याही वर. काका पेढे घेऊन आले आणि मला हुशार ठरवून गेले. मला ते अवघडच वाटलं. बाजार तीन दिवसांत सावरेल हे मला कुठे ठाऊक होतं? सहा महिने पडत राहिला असता तरी उरलेले शेअर ठेवायचं कारण तेच राहिलं असतं. जुलैच्या अर्थसंकल्पात दीर्घ मुदतीच्या नफ्यावरचा कर दहावरून साडेबारा टक्के झाला, तेव्हा त्याचंही श्रेय मलाच मिळालं.

मग वेदांत चढू लागला. त्याच वर्षी पाचशेच्या पुढे गेला आणि माझी हुशारी संपली. आता काका आले की भाव बघतात, बोटांवर हिशेब करतात आणि विचारतात, "चुकलो गो आम्ही?" मी नाही म्हणते आणि अजूनही माझं मत तेच आहे. ज्या धंद्यातलं काही कळत नाही असा शेअर, घर बांधायला पैसे हवे असताना विकला. पुढे तो कुठे गेला याचा त्या निर्णयाशी संबंध काय? काकांना हे पटत नाही. मजल्यावर राहायला गेलेल्या सुनेला पटतं.

मध्ये एकदा ते डीडीपीआयचा फॉर्म मागायला आले. ओटीपीची कटकट नको म्हणाले. दिला. खातं दोघांच्या नावावर असल्यामुळे त्यावर दोघांच्याही सह्या लागतात, तेही सांगितलं. फॉर्म अजून परत आलेला नाही.