दहा कड्यांचं माप

पावसाळ्याआधी आमची ४० फुटी शिडाची बोट पाण्याबाहेर काढली, तेव्हा नांगराची सगळी साखळी धक्क्यावर पसरली. ६० मीटर, सव्वाशे किलोच्या वर वजन. बोटीकडचं टोक अजून करडं, कोरं. नांगराकडचे पंधराएक मीटर मात्र तांबूस झालेले. खाडीच्या काळ्या चिखलात जस्ताचा मुलामा फार टिकत नाही. वरचा गंज पाहून घाबरलो नव्हतो, पण कडी कडीला घासते तिथे आतल्या बाजूने जाडी मोजायचा व्हर्निअर लावला आणि पोटात गोळा आला. १० मिमीची सळी ८.७ वर आली होती. दहा टक्क्यांहून जास्त झीज म्हणजे साखळी बाद. पुन्हा मुलामा चढवून झिजलेलं लोखंड थोडंच भरून येतं?

फोनवर ‘१० मिमी, गॅल्व्हनाइज्ड’ एवढंच सांगून नवी मागवली. चूक झाली ती इथे. विंडलासवर, म्हणजे नांगराची साखळी ओढायच्या यंत्रावर, चढवली, तर चार-पाच कड्या झाल्या की जिप्सीच्या, म्हणजे त्या खाचांच्या चाकाच्या, बाहेर उडायची.

“दादा, ही ह्या चाकाची नाही,” आमचे खलाशी काका म्हणाले.

जुन्या साखळीच्या कोऱ्या टोकाच्या दहा कड्या ताणून बाहेरून बाहेर मोजल्या: ३२ सेंटीमीटर. नव्या साखळीच्या भरल्या ३०. साखळ्यांची दोन प्रमाण मापं आहेत: डिन ७६६ मापाची १० मिमी कडी आतून २८ मिमी लांब असते, आयएसओ ४५६५ ची ३०. जाडी तीच, पण आमची जिप्सी दुसऱ्या मापाची. साखळी परत केली, भाडं अंगावर पडलं. उड्या मारणारी साखळी रात्री वाऱ्यात सुटली असती तर काकांचा हात तिथेच होता.

योग्य साखळी आली तेव्हा नांगर आणि साखळीमधलं फिरतं जोड, स्विव्हल, लावलंच नाही, आडवा ताण बसला की त्याचे जबडे वाकतात. शॅकलची, म्हणजे नांगराला साखळी जोडणाऱ्या लोखंडी कडीची, पिन पान्याने आवळून तारेने बांधली. साखळीचं आतलं टोक पूर्वी शॅकलने जखडलेलं होतं. आता ते डेकपर्यंत पोचेल एवढ्या दोरीने बांधलं, साखळी सोडून द्यायची वेळ आलीच तर सुरीने कापता येईल.

नोव्हेंबरात जयगडच्या खाडीत नांगर टाकला. पाणी ५ मीटर, भरतीचे अजून २, नाळेची, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाची, पाण्यावरची उंची १. आठाच्या पाचपट, म्हणजे ४० मीटर साखळी. दर दहा मीटरला रंगवलेला लाल पट्टा चौथ्यांदा पाण्यात गेला. इंजिन मागे चालवून मी साखळीवर हात ठेवला. नांगर घसरत असला की साखळी हाताला थरथरते. ती ताठ होती, अगदी स्तब्ध.