काकांच्या आल्टोचा नंबर

2025 च्या जानेवारीतली गोष्ट. ग्वाल्हेरचा मेळा भरला होता आणि झांसी रोडवरच्या माझ्या यार्डात पाय ठेवायला जागा नव्हती. मेळ्यातून नवी गाडी घेतली की मध्य प्रदेश सरकार वाहनकर निम्मा माफ करतं. त्यामुळे वर्षभर "बघू, बघू" म्हणणारी माणसं त्याच दिवसांत नवी गाडी बुक करतात आणि जुनी आमच्या दारात आणून उभी करतात. 1905 साली माधवराव महाराजांनी सुरू केलेला हा मेळा आम्हा जुन्या गाड्यांच्या दलालांची दिवाळी आहे.

त्या सकाळी एक निवृत्त कारकून आले होते. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातलेच, मराठी, माझ्या वडिलांच्या ओळखीचे. 2009 ची सँट्रो. फ्लोअर सडलेला, सायलेन्सरमधून निळा धूर, नोंदणीची मुदत संपून काही महिने झालेले. 2022 च्या एप्रिलपासून पंधरा वर्षांच्या मोटारीची नोंदणी पुढे वाढवायची फी 600 वरून 5000 झाली, आणि उशीर झाला तर महिन्याला 500 वेगळे. त्यात विमा, डेंटिंग आणि चार टायर धरले तर गाडीच्या किमतीपेक्षा खर्च जास्त. अशी गाडी आता कोणी चालवायला घेत नाही. पूर्वी घेत. भिंड, मुरैना, दतियाकडचे लोक पन्नास-साठ हजारांत असली गाडी न्यायचे, दूध घालायचे, पोरांना शाळेत सोडायचे. तो ग्राहक अजूनही येतो, पण त्याच्या बजेटमधली गाडी माझ्याकडे नसते. दिल्लीहून यायची ती डिझेल. तिथे तेव्हा दहा वर्षांनंतर डिझेल गाडीला सरसकट बंदी होती, म्हणून चांगली दीड-दोन लाख किलोमीटर चाललेली इनोव्हा किंवा स्विफ्ट एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र, घेऊन चंबळ ओलांडायची. ती या माणसाला परवडत नसे.

तर सँट्रो. कबाडवाल्याने, म्हणजे भंगारवाल्याने, तिच्याभोवती एक फेरी मारली, बोनेट उघडलं, वाकून खालचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धूर स्वच्छ करणारा डबा, शाबूत आहे की नाही ते पाहिलं आणि म्हणाला, "अट्ठाईस. और कागज साथ में दोगे तो बत्तीस."

मी हे वाक्य बावीस वर्षांत किती वेळा ऐकलं असेल त्याला गणती नाही. आणि खरं सांगतो, त्या दिवसापर्यंत मी त्यावर कधी थांबून विचार केला नव्हता. गाडी कापायला न्यायची असेल तर आरसी, म्हणजे नोंदणीचा कागद, कशाला हवी? लोखंड लोखंडाच्या भावाने जातं. वरचे चार हजार कशाचे?

मी कारकूनकाकांना "बत्तीसला देऊन टाका" म्हणणार, तेवढ्यात फोन वाजला. नया बाजारातल्या काकूंचा. त्या रडत होत्या.

काकूंचे यजमान माझ्या वडिलांचे मित्र. 2018 मध्ये गेले. त्यांची पांढरी आल्टो चार वर्षं वाड्याच्या बोळात उभी होती. उंदरांनी वायरिंग खाल्लं, इंजिन जाम झालं, टायर जमिनीला चिकटले. 2022 मध्ये काकूंनी मला बोलावलं. "बाळ, ही आता काढ इथून, बघवत नाही." मी त्याच कबाडवाल्याला बोलावलं. कागदासकट सव्वीस हजार आले. ते काकूंच्या हातात ठेवले, त्यांनी मला चहा दिला, विषय संपला. वर्षभरापूर्वी, ऑगस्ट 2021 मध्ये, पंतप्रधानांनी स्क्रॅप धोरण जाहीर केलं होतं. जुन्या गाड्या मोडीत काढणाऱ्या नोंदणीकृत केंद्रांबद्दल मी वर्तमानपत्रात वाचलंही होतं. पण तो सगळा मोठ्या शहरांचा मामला वाटला आणि मी सोपी वाट धरली.

आता पोलीस काकूंच्या दारात आले होते. चंबळपलीकडच्या एका ठाण्याच्या हद्दीत पांढऱ्या आल्टोने मोटारसायकलवरच्या मुलाला उडवलं होतं. चालक गाडी टाकून पळाला. नंबर एमपी 07 चा, काकांच्या नावाचा. काका हयात नाहीत म्हटल्यावर नोटीस काकूंच्या हातात.

चौऱ्याहत्तर वर्षांची बाई. मुलगा पुण्याला. मी कारकूनकाकांना म्हटलं, "सँट्रो आज कोणालाच देऊ नका, मी आलोच," आणि आधी नया बाजार गाठला.

काकू देवघरासमोर बसल्या होत्या. संक्रांत जवळ आलेली, तिळाचं ताट अर्धं निवडलेलं तसंच पडलेलं. त्यांनी एकच विचारलं, "ती गाडी तू मोडीत दिली होतीस ना रे?" मी "हो" म्हणालो. त्या "हो" मागे माझ्याकडे एकही कागद नव्हता. ना गाडी कापल्याचा दाखला, ना नोंदणी रद्द झाल्याचा. सरकारदरबारी ती गाडी काकांच्या नावावर धडधाकट उभी होती.

काका पोस्टात होते, कागद जपणारे. कपाटात "गाडी" असं लिहिलेली एक निळी फाइल निघाली. शोरूमची पावती, कर्जफेडीचं पत्र, विम्याच्या सगळ्या पॉलिसी तारखेने लावलेल्या, आणि नोंदणी अर्जाची झेरॉक्स. त्या अर्जाला चिकटपट्टीचा एक तुकडा लावलेला होता. चेसिस नंबरचा, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर ठोकलेल्या ओळखनंबराचा, पेन्सिलने घेतलेला छापा. आमच्या धंद्यात हे रोजचं काम. नंबरावर पट्टी चिकटवायची, पेन्सिल आडवी धरून घासायची, अक्षरं पट्टीवर उमटतात. काकांनी 2009 मध्ये एक जादा छापा काढून स्वतःच्या प्रतीला लावला होता. मी फाइल उचलली आणि निघालो.

ठाण्याच्या आवारात कडुनिंबाखाली आल्टो उभी होती. डावा हेडलाइट फुटलेला, बोनेटवर खळगा. पाटी साधी, सरकारी सुरक्षा पाटी नाही. मी काचेतून आत पाहिलं आणि आधी जीवात जीव आला. डॅशबोर्डवर एसीची बटणं होती. काकांची आल्टो साध्यातली साधी, तिला एसी नव्हताच. उन्हाळ्यात ते पुढच्या सीटवर ओला टॉवेल अंथरून बसायचे, ते मी लहानपणापासून त्यांच्या आधीच्या गाडीतही पाहिलेलं.

पण "एसी नव्हता" हा काही पुरावा नव्हे, एसी नंतरही बसवता येतो. तपास अधिकाऱ्याने तेच म्हटलं. मी बोनेट उघडायची परवानगी मागितली. इंजिनाच्या मागच्या पत्र्यावर सतरा आकडे-अक्षरं ठोकलेली असतात, मारुतीची एमए3 ने सुरू होतात. टॉर्च मारली. नंबर काकांचाच होता. एकही आकडा वेगळा नाही. मी फाइलमधला छापा शेजारी धरला आणि मग दिसलं. छाप्यातले आकडे एका रेषेत, सारख्या अंतरावर. पत्र्यावरचे आकडे जरा वरखाली, शेवटचे तीन एकमेकांना खेटलेले. छाप्यातला 4 वरून उघडा, पत्र्यावरचा 4 मिटलेला. त्यांच्या भोवती पत्रा बोटाला लागेल इतका खोलगट होता आणि तेवढ्याच जागेचा रंग नवा. कोणीतरी ग्राइंडरने जुना नंबर घासून काढला होता आणि वर काकांचा नंबर हाताने ठोकला होता.

वरचे चार हजार कशाचे, ते मला त्या बोनेटवर वाकलेलं असताना कळलं. कबाडवाला काकांचं लोखंड वेगळं विकतो आणि काकांचा नंबर वेगळा. लोखंडाचं गिऱ्हाईक भट्टी. नंबराचं गिऱ्हाईक तो, ज्याच्याकडे चोरीची गाडी आहे, किंवा जिची नोंदणी संपली आहे अशी गाडी.

अधिकारी समंजस होते. इंजिन नंबर कंपनीकडून पडताळून घेऊ म्हणाले, छाप्याची प्रत पंचनाम्याला जोडली. मी जबाब लिहून दिला: 2022 मध्ये काकूंकडून गाडी मी नेली, अमुक माणसाला विकली, नोंदणी रद्द करून घेतली नाही. लिहिताना हात जड झाला होता. काकूंच्या जागी नाव माझं यायला हवं होतं, आणि तिथे ते निदान आलं.

व्हरांड्यात मफलर गुंडाळलेला एक माणूस बसला होता. जखमी मुलाचा बाप. मांडीचं हाड मोडलेलं, आग्र्याला ऑपरेशन झालेलं. त्याने मला विचारलं, "गाड़ी आपकी है?" आवाजात राग नव्हता, आशा होती. मालक सापडला तर भरपाई मिळेल, एवढंच त्याला ठाऊक. आणि ते चूकही नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली एका निकालात स्पष्ट केलं आहे की गाडी कितीही हातांतून गेली असली तरी भरपाईची जबाबदारी नोंदणीत ज्याचं नाव आहे त्याच्यावर. मी मात्र फाइल घेऊन हेच सिद्ध करायला आलो होतो की ही गाडी त्या नावाची नाहीच. काकू सुटल्या की या माणसापुढे कोणी उरत नव्हतं. विमा नाही, चालक नाही, मालक नाही. मी त्याला खरं ते सांगितलं. तो बराच वेळ आल्टोकडे बघत राहिला.

परत येताना मुरैन्याला गजक घ्यायला सगळे थांबतात, मी थांबलो नाही.

यार्डात दिवे लागले होते. कारकूनकाका आणि त्यांची बायको सँट्रोपाशी खुर्च्या टाकून बसलेले. कबाडवाला दुपारी पुन्हा येऊन पस्तीसवर गेला होता. मी नोंदणीकृत केंद्राला फोन लावला. त्यांचा हिशेब वजनावर, एकोणीस हजार, तेही खात्यात. सोळा हजारांचा फरक. कारकूनकाकांच्या बायकोचा चेहरा उतरला. त्यांनी मेळ्यात बुक केलेल्या गाडीचं डाउन पेमेंट त्या पैशांतून व्हायचं होतं.

धोरण आखणाऱ्यांनी हा फरक नीट पाहायला हवा. केंद्राला तेल, गॅस, बॅटरी नियमाप्रमाणे काढावी लागते, चोरीच्या नोंदी तपासाव्या लागतात, सगळा व्यवहार उजेडात. कबाडवाल्याला यातलं काही नाही, वर तो दरवाजे, गिअरबॉक्स, कन्व्हर्टर आणि नंबर असं सगळं सुटं विकतो. तो जास्तच देणार. गाडी केंद्रात दिल्याच्या प्रमाणपत्रावर सरकार नव्या खाजगी गाडीच्या करात 25 टक्क्यांपर्यंत सूट देऊ म्हणतं. 2024 च्या ऑगस्टमध्ये गडकरींसोबतच्या बैठकीत मोटार कंपन्यांनी किमतीच्या दीड टक्का किंवा 20 हजार, यांतलं कमी असेल तेवढी सवलत कबूल केली. पण हे सगळं नवी गाडी घेणाऱ्यासाठी. नया बाजारातल्या काकू कुठली नवी गाडी घेणार होत्या? प्रमाणपत्र दुसऱ्याला विकता येतं, पण ते कुठे नि कसं, हे त्यांना कोण सांगणार? सरकारने स्वतःच्या गाड्यांचं ठीक केलं. 2023 च्या एप्रिलपासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी जीपची नोंदणीच वाढत नाही, ती थेट केंद्रात जाते. आम्ही ज्या लिलावांत पहाटे रांगा लावायचो ते आटले. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण सामान्य माणसाला कायदा पाळायचे सोळा हजार पडत असतील तर तो कबाडवाल्याकडेच जाईल.

मी कारकूनकाकांना नया बाजारातल्या काकूंची सगळी हकीकत सांगितली. नोटिशीचा फोटो दाखवला. मोबाइलवर घेतलेले दोन 4 शेजारी शेजारी दाखवले. त्यांनी चष्मा काढून स्क्रीन जवळ धरली. मग बायकोकडे न बघता म्हणाले, "केंद्रात दे." माझी दलाली मी सोडली, त्यांच्या नव्या गाडीच्या डीलरशी बोलून सवलतीचे कागद मी स्वतः लावून दिले. फरक पूर्ण भरून निघाला नाही.

आठवड्याने सँट्रो केंद्रात कापली तेव्हा मी मुद्दाम उभा राहिलो. आधी चेसिस नंबराचा पत्रा चौकोनी कापून काढला. तळहाताएवढा तुकडा, कडा अजून गरम. त्यावर चिठ्ठी बांधली आणि कपाटात ठेवला. सहा महिने तो त्यांना जपून ठेवावा लागतो. मग उरलेली गाडी प्रेसखाली गेली.

काकांच्या गाडीच्या नंबरावर आरटीओत आता नोंद घातली आहे, नोंदणी रद्द करायचा अर्ज दिला आहे. ठाण्यातून दोनदा बोलावणं आलं, दोन्ही वेळा मीच गेलो. इंजिनावरचाही नंबर घासलेला निघाला, त्यामुळे ती आल्टो मुळात कोणाची हे अजून लागलेलं नाही. कबाडवाल्याला पोलिसांनी विचारलं, तो म्हणतो मी पुढे विकली, कोणाला ते आठवत नाही. मी त्याच्याशी व्यवहार बंद केला.

संक्रांतीनंतर काकूंकडे तिळगूळ घ्यायला गेलो. म्हटलं, "काकू, आता काळजी करू नका, ती गाडी काकांची नव्हती हे पोलिसांनी लिहून घेतलंय." त्यांनी वाटी माझ्या हातात दिली. मान डोलावली. मग बोळातल्या त्या रिकाम्या जागेकडे पाहून म्हणाल्या, "ते कळलं रे. पण मग ह्यांची गाडी गेली कुठे?"